हळूबाईची आरोळी

आमच्या नाटक कंपनीत सर्वांत जास्त संवाद जिने म्हटले, तिला एकाही प्रेक्षकाने कधी पाहिलं नाही. राजाचे संवाद तिचे, राणीचे तिचे, खुन्याचे तिचे आणि खून झालेला माणूस तिसऱ्या अंकात भूत होऊन यायचा त्या भुताचेही तिचेच. ती आमची प्रॉम्प्टर होती. विंगेत, काळ्या पडद्याच्या घडीत, गुडघे मावतील एवढ्याच जागेत स्टूल टाकून ती बसायची आणि आमच्यापैकी कुणाची गाडी रुळावरून घसरली की पुढचा शब्द त्याच्या कानात ठेवायची. ‘ठेवायची’ म्हणते, कारण ती शब्द फेकत नसे. दोन नट खांद्याला खांदा लावून उभे असले तरी ज्याचा शब्द त्यालाच मिळायचा. दुसऱ्याच्या कानाला नुसती झुळूक लागायची. पहिल्या रांगेतल्या माणसाला तर तिचं अस्तित्वही कधी कळलं नाही.

म्हणून तिचं नाव पडलं हळूबाई.

तिच्या कामाचं मर्म तिने मला एकदा सांगितलं होतं. म्हणाली, “शब्द सांगणं सोपं असतं गं. तो नट थांबलाय की अडकलाय, हे ओळखणं अवघड. थांबलेल्याला शब्द दिला तर त्याचा पॉज मेला, आणि अडकलेल्याला नाही दिला तर तोच मेला.”

“मग तू ओळखतेस कशी? चेहऱ्यावरून?”

“चेहरा? नटाचा चेहरा पैजेवर खोटं बोलेल. मी पाय बघते. थांबलेल्या माणसाचे पाय जमिनीत रोवलेले असतात. अडकलेल्याची बोटं चपलेत वळवळतात.”

माझी बोटं किती वेळा वळवळली असतील, देव जाणे. एका नाटकात मी राणी होते. भरल्या दरबारात सिंहासनावरून उठून मला माझ्या परागंदा नवऱ्याचं नाव घ्यायचं होतं. उठले, हात उंचावला, आणि नवरा डोक्यातून पार पसार! विंगेतून झुळूक आली, नाव आलं, मी ते घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की राणीने पतीच्या नावाआधी जो विराम घेतला त्यात साऱ्या संसाराचं दुःख होतं. मी ते कात्रण हळूबाईला दाखवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, “दुःख होतंच. मला शिंक येत होती.”

आता असं आयुष्यभर हळू बोललं की ते अंगात मुरतं. दुकानात ती काही मागायची आणि दुकानदार तिच्या मागच्या गिऱ्हाइकाला सामान द्यायचा. बसमध्ये “थांबवा हो” म्हणायची, ड्रायव्हरला ऐकू जायचं नाही. तिच्या जन्माची निम्मी पायपीट पुढच्या स्टॉपवरून मागे येण्यात झाली. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर गप्प. त्या घरात फक्त घड्याळं बोलायची. दोघांनी न वापरलेला आवाज मग साठत साठत सगळा मुलीला मिळाला. मुलगी शाळेत खेळ शिकवते. तिला शिट्टी लागत नाही.

आणि अशा या बाईला आवडतं काय? रॉक! गिटार करवतीसारख्या चालतात, ड्रम असे वाजतात की छातीतली हाडं जागा सोडतात, ते.

हे खूळ शिरलं तेही कामाच्या निमित्तानेच. आमचा लाइटवाला शिडीवर चढून दिवे लावायचा तेव्हा शिडीखाली टेपरेकॉर्डर मोकाट सोडायचा. एकदा तालमीत दिग्दर्शक वैतागला आणि हळूबाईला म्हणाला, जा, त्याला सांग बंद कर. ती गेली. शिडीखाली उभी राहून सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं. तो वर दिवा फिरवतोय. मग ती गाणं संपायची वाट बघत तिथेच उभी राहिली. गाणं संपलं, शांतता झाली, तेव्हा ती म्हणाली, “पुन्हा लाव.”

हे मात्र त्याला ऐकू गेलं.

त्या बँडला त्यांचे चाहते ‘पोरं’ म्हणतात. तेव्हाही म्हणायचे, आजही म्हणतात. आज त्या पोरांतलं सर्वांत धाकटं पोर सत्तरी ओलांडून गेलं आहे. हळूबाईने पोरांचं एकूण एक गाणं जमवलं. नवऱ्याला आवाज सोसायचा नाही म्हणून ती कानाला हेडफोन लावून ऐकायची. तिच्या घरी जावं तर नवरा भिंगातून चाकं बघतोय, आणि ही मटार सोलताना डोकं असं हलवतेय की बघणाऱ्याला वाटावं मटारांशी भांडण झालंय. आवाज कुठेच नाही. टिकटिक, टिकटिक.

पोरांचं ‘दार’ नावाचं एक गाणं आहे. तिचं सर्वांत लाडकं. त्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात. ड्रमवाला तीन ठोके देतो, दारावर दिल्यासारखे. गायक विचारतो, “कोण आहे?” आणि समोर जेवढी माणसं असतील तेवढी सगळी एका घशाने ओरडतात, “मीच!” मग गिटार दार तोडून आत शिरते. एका जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तिच्याकडे होतं. त्यात ती हजारोंची “मीच!” ऐकू येते. ते ठिकाण आलं की हळूबाईचे ओठ हलायचे. नुसते ओठ.

नाटक कंपनी बंद पडल्यावर तिने काही वर्षं वाचनालयात काम केलं. तिथे ‘शांतता राखा’ अशी पाटी लावायची गरज उरली नाही. ती काय म्हणतेय ते ऐकायला लोक आपोआप गप्प बसायचे. मग नवरा गेला. घड्याळं थांबली. हेडफोन तरी तिने काढला नाही. सवय.

आणि मग एका सकाळी ती माझ्या दारात. हातात दोन तिकिटं.

“महाराणी, शनिवारी मोकळी आहेस?”

“रंगभूमी सोडल्यापासून मी मोकळीच आहे. काय काढलंस?”

“पोरं येताहेत. शेवटचा दौरा.”

“मागेही शेवटचाच होता ना?”

“तो शेवटचा होता. हा अगदीच शेवटचा आहे.”

मी तिला आत घेतलं. माझे स्वतःचे निरोपाचे प्रयोग तीन झाले होते.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. “मला ना, एकदा ओरडायचंय,” ती म्हणाली.

“कुणावर? जावयावर?”

“कुणावर नाही गं. ‘मीच!’ म्हणून. सगळ्यांच्यात बसून. मी जन्मात एक प्रयोग समोर बसून पाहिला नाही. सगळे बाजूने पाहिले. नटांचा एक कान आणि अर्धं नाक, एवढंच माझं नाटक. एकदा समोर बसायचं, टाळ्या वाजवायच्या आणि त्या जागेला ओरडायचं. बाकी मला काही नको.”

“मग ओरड की. त्यात काय?”

“येत नाही.”

“ओरडता येत नाही? अगं, पोहता येत नाही, सायकल येत नाही, असं असतं. ओरडता येत नाही हे मी पहिल्यांदाच ऐकतेय.”

“बाळंतपणातसुद्धा ओरडले नाही. नर्स विचारत होती, बाई, तुम्हाला नक्की काही होतंय ना?”

मी हसले, पण तिच्याकडे बघून हसू आवरलं. ती गंभीर होती. पोरं पुन्हा येणार नव्हती, आणि खरं म्हणजे आम्हा दोघींचंही वय आता ‘पुढच्या वेळी’ म्हणण्यासारखं राहिलेलं नाही. ती जागा, ते तीन ठोके, ती एक आरोळी. शनिवारी निघाली तर निघाली.

“चल,” मी म्हटलं. “तालीम करू.”

आमच्या इमारतीच्या तळघरात सायकली ठेवायची खोली आहे. तिथे मी तिला उभी केली. पाय फाकवून उभी राहा, खांदे सोड, श्वास पोटात घे, गळ्यात नको. आणि समोरच्या भिंतीकडे बघू नको. भिंतीपलीकडे शेवटच्या रांगेत, खांबाआड बसलेला एक माणूस आहे, स्वस्तातलं तिकीट काढून आलेला, त्या बिचाऱ्याला ऐकू गेलं पाहिजे. आम्ही त्याच्यासाठीच बोलायचो. मी करून दाखवलं. पोट आत घेतलं आणि सोडली एक, “मीच!” सायकलींच्या घंट्या किणकिणल्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर चप्पल न घालता धावत खाली आले.

“काय झालं? कुणी केलं?”

“मीच,” हळूबाई म्हणाली. तिने सगळी ताकद लावली होती.

पोस्टमास्तरांना ऐकू गेलं नाही. “उंदीर असेल,” असं स्वतःलाच सांगून ते वर गेले.

रोज तालीम केली. गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, उशीत तोंड खुपसून पाहिलं. माझ्या हाताखालून कितीतरी मुली तयार झाल्या, पण हा घसा मला दाद देईना. आवाज बाहेर यायचा तो स्वच्छ, रेखीव, एकेक अक्षर कोरलेला आणि सशाच्या पावलांएवढा.

तिची मुलगी एक दिवस हे बघायला आली.

“आई, असं समज की मी रस्त्याच्या मधोमध उभी आहे आणि समोरून ट्रक येतोय.”

“तू ट्रकला दिसत नाहीस का?” हळूबाई म्हणाली.

“अगं समज!”

“आणि तू ओरडशीलच की. तुझं ऐकून ट्रकच मागे जाईल.”

मुलीने कपाळाला हात लावला. मग मला बाजूला घेऊन, म्हणजे तिच्या मते हळू आवाजात, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाली, “मावशी, तू तरी हिला समजाव गं. त्या म्हाताऱ्यांना बघून काय मिळणार? रेकॉर्डवर आहेत तेच बरे आहेत. उद्या त्यांचा आवाज फाटका निघाला, तर ही घरी येऊन रडत बसेल. तेसुद्धा आवाज न करता.”

शनिवार उजाडला. कार्यक्रम दुपारी चारचा. पोरांनाही आता जागरण झेपत नाही. मैदानाच्या फाटकाबाहेर ही लांब रांग, आणि रांगेत कोण? मला वाटलं होतं तरुण पोरंटोरं असतील. छे! चष्मे, काठ्या, कंबरेचे पट्टे, गोळ्यांच्या डब्या. दवाखान्याच्या रांगेने काळे कपडे घातल्यासारखं दिसत होतं. फक्त दवाखान्यात लोक इतके खूश नसतात.

आमच्या पुढे एक रुंद गृहस्थ उभे होते. अंगात पोरांच्या फार जुन्या दौऱ्याचा काळा टी-शर्ट. शर्ट तेव्हाचा, पोट आत्ताचं. दोघांची तडजोड बेंबीच्या वर झालेली. ते दंतवैद्य निघाले. सोबत बायको.

“मी ऐकायला नाही आले,” बायको म्हणाली, “हे नाचू नयेत म्हणून आलेय. गुडघा नवीन आहे यांचा.”

“ड्रमवाल्याचाही नवीनच आहे,” दंतवैद्य अभिमानाने म्हणाले. जणू एकाच दुकानातून घेतला होता.

“गिटारवाला आता बसून वाजवतो म्हणे,” मागून कुणीतरी म्हणालं.

“बसेना का. बोटं तर उभी आहेत!”

“आणि गायकाचे केस? खरे असतील?”

“केसांचं मला विचारू नका,” दंतवैद्य म्हणाले. “दात खरे नाहीत, एवढं मी इथून सांगतो.”

“तुमचे आहेत का?” बायकोने विचारलं.

रांग हसली. रांगेत जो तो आपल्या पहिल्या वेळेची गोष्ट सांगत होता. एक जण भिंतीवरून उडी मारून आत शिरला होता आणि पँट भिंतीवर राहिली होती. दंतवैद्यांची आणि बायकोची ओळखच अशा कार्यक्रमात झाली होती. ते म्हणत होते ‘दार’ चालू होतं, ती म्हणत होती छे, मध्यंतर होतं आणि तुम्ही माझ्या पायावर उभे होतात. हळूबाईला विचारलं, तुमची कितवी वेळ? ती म्हणाली, “पहिली.” कुणाला ऐकू आलं नाही. मी मोठ्याने सांगितलं तेव्हा त्या सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं खानावळीत जुनं गिऱ्हाईक नवख्याकडे बघतं. हेव्याने.

आमच्या जागा मधल्या भागात होत्या, बऱ्यापैकी पुढे; दंतवैद्य आणि त्यांची बायको आमच्याच रांगेत, हळूबाईच्या पलीकडे. समोर काळ्या कापडाने झाकलेला, भर दुपारीही आतून अंधारा असा प्रचंड मंच, दोन्ही बाजूंना चित्र दाखवणारे घराएवढे पडदे. चारला ठरलेलं, चारला सुरू. एवढा वक्तशीरपणा तारुण्यात त्यांच्याकडे नव्हता म्हणे. पोरं आली. कशी आली ते सांगते, कारण बाकीच्यांनी ते पाहिलं नसेल. मला सवय आहे अंधारात बघायची. अंधारात गायक कठडा धरून, एकेक पायरी आडवा होत चढला. वर आल्यावर दम खायला वाकला. आणि मग दिवा पडला अंगावर. अहाहा! कुठे गेलं ते वाकणं? कणा ताठ, हनुवटी वर, एक हात असा बाजूला, जणू दोन पिढ्या मध्ये गेल्याच नाहीत. दिव्याचं ऋण ज्याच्या अंगावर आहे त्यालाच हे जमतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी भान विसरून टाळ्या वाजवल्या.

आवाज? मुलगी म्हणाली होती तेवढा फाटका नव्हता. वरचा मजला त्याने भाड्याने दिलाय, एवढंच. उंच सूर आला की तो माइक लोकांकडे करायचा आणि लोक ते ओझं उचलायचे. पण तळमजल्यावर मात्र असा रुबाबात वावरत होता की मी म्हटलं, वा, घर याचंच. गिटारवाला खरोखर उंच स्टुलावर बसला होता आणि बोटं वेड्यासारखी पळत होती. ड्रमवाला एखाद्या शाळकरी मुलासारखा हसत होता, सारखा. दंतवैद्य दुसऱ्याच गाण्याला उभे राहिले. बायकोने टी-शर्ट धरून खाली ओढलं.

आणि हळूबाई? मी तिच्याकडे पाहिलं आणि डोक्यावर हात मारला. बाई कामावर होती! खुर्चीच्या टोकावर, गुडघ्यांवर मुठी, मान पुढे. ओठ हलत होते, आणि गायकाच्या अर्धं पाऊल पुढे.

“अगं, मागे टेक!” मी तिच्या कानात ओरडले.

“टेकलेय.” टेकली नव्हती. “त्याचे पाय दिसत नाहीत गं. समोर ते पेटारे ठेवलेत.”

“पाय कशाला हवेत तुला? पडद्यावर चेहरा दिसतोय की, केवढा मोठा!”

“चेहऱ्याला काय चाटायचंय?” ती म्हणाली. “दुसऱ्या कडव्याला वळवळला होता तो. मला वाटतं.”

“वळवळू दे. तू प्रेक्षक आहेस आज.”

“हो,” ती म्हणाली आणि ओठ हलवायला लागली.

मग ‘दार’ आलं. पहिला सूर वाजला आणि ते एवढं मैदान एक अंग होऊन उठलं. काठ्या उठल्या, पट्टे उठले, दंतवैद्य उठले आणि या वेळी त्यांची बायको त्यांच्या आधी उठली. मी हळूबाईचा हात धरला. थंडगार. ती समोर बघून श्वास घेत होती. पोटात, मी शिकवला तसा. शाबास, मी मनात म्हटलं.

वाद्यं थांबली. ठक. ठक. ठक.

सगळ्यांचे श्वास आत. मैदानभर ती शांतता, जी विकत मिळत नाही. आता तो विचारणार...

तो विचारेना.

रेकॉर्डवर तिथे जेमतेम एक श्वास जातो. इथे तो श्वास गेला, दुसरा गेला. पडद्यावर त्याचा घराएवढा चेहरा. तोंड किंचित उघडं, डोळे कुठेतरी वर. माझ्या हातातला हात एकदम गरम झाला. मी काय होतंय ते ओळखलं आणि “नको!” म्हणायला तोंड उघडलं, पण उशीर झाला होता.

“कोण आहे?”

मी पन्नास वर्षं रंगभूमीवर काढली. गडगडाट करणारे नट पाहिले, त्यांच्या शेजारी उभी राहिले. असा आवाज मी ऐकला नाही. तो फाटला नाही, चिरकला नाही. एखादी तोफ स्पष्ट उच्चारात बोलली तर कशी बोलेल, तशी ती दोन अक्षरांची दोन पदं त्या शांततेतून सरळ मंचाकडे गेली. स्वतःसाठी तळघरात जे निघेना, ते एक माणूस अडकलेला दिसल्याबरोबर निघालं होतं.

आणि पुढे काय झालं? मैदानाने उत्तर दिलं. हजारो माणसं, दम धरून उभी, त्यांना प्रश्न कुणी विचारला याच्याशी काय देणंघेणं? एका घशाने गर्जना झाली.

“मीच!”

पडद्यावरचं तोंड तसंच उघडं. ड्रमवाल्याच्या हातातून काठी पडली, ती घरंगळत गेलेली सगळ्यांनी पाहिली. आणि मग तो हसायला लागला. गिटारवाला स्टुलावरून घसरता घसरता वाचला.

दंतवैद्य हळूच वळले. “बाई,” ते म्हणाले, “तुम्ही बँडमध्ये आहात का?”

हळूबाई जागच्या जागी खाली बसली होती, दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत, तिच्या जुन्या जागेएवढीच जागा असेल. “अडकला होता तो,” ती कुजबुजली.

“थांबला होता गं.”

“रेकॉर्डवर एवढा थांबत नाही!”

“तेव्हा तो तिशीचा होता!”

“पाय दिसले असते तर...” ती म्हणाली आणि तोंड ओंजळीत लपवलं. “मेले मी. आणि माझं ‘मीच’सुद्धा राहिलं.”

खरंच की. सगळ्या मैदानाने म्हटलं होतं, आणि ते म्हणायला जी एवढं करून आली, ती एकटी तेव्हा भलताच संवाद म्हणत होती. तिच्या कपाळी पुन्हा दुसऱ्याचंच वाक्य आलं. मला हसू येत होतं आणि तिच्यासाठी वाईटही वाटत होतं.

तेवढ्यात गायक बोलला. कपाळावर आडवा हात धरून तो आमच्याकडे बघत होता, म्हणजे त्याला वाटत होतं तो आमच्याकडे बघतोय. बघत होता पार डावीकडे.

“इतकी वर्षं मी हा प्रश्न विचारतोय,” तो म्हणाला. “आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्या वतीने विचारला. बाई, विसरलो नव्हतो हो. श्वास घेत होतो. या वयात तो यायलाही वेळ लागतो, लांबून येतो बिचारा.”

मैदान खदखदून हसलं. डावीकडे लाल टोपी घातलेली एक बाई उठून हात हलवायला लागली. पडद्यावर तिचा चेहरा झळकला. लोकांनी तिला टाळ्या दिल्या. तिने चुंबनं उधळली!

“अगं, ही कोण भवानी?” मी उसळले. “थांब, मी सांगते त्यांना...”

“असू दे गं,” खालून आवाज आला. “टोपी छान आहे तिची.”

“पुन्हा घेऊ,” गायक म्हणाला. “आणि बाई, या खेपेला मला विचारू द्या.” लाल टोपीने मोठ्या मनाने मान डोलावली.

मी हळूबाईला काखेत हात घालून उभी केली. दुसऱ्या बाजूने दंतवैद्यांच्या बायकोने तिचा दंड धरला. “आता घाई करायची नाही हं,” ती म्हणाली. आमची सगळी रांग, पुढची आणि मागचीही, आता मंचाकडे बघतच नव्हती. सगळे हळूबाईकडे बघत होते.

ठक. ठक. ठक.

तो लबाड या वेळी आणखी थांबला. मुद्दाम. मला कळतं ना! नटाच्या हाताला एकदा हशा लागला की तो त्याचा रस शेवटच्या थेंबापर्यंत काढतो. हळूबाईने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. दंतवैद्य पुटपुटले, “धरा, धरा, धरा...” दात काढताना पेशंटला म्हणतात तसं.

“कोण आहे?” अखेर त्याने विचारलं, अगदी हळू, दाराआडून विचारावं तसं.

तिचे हात तोंडावरून सुटले.

मैदान फुटलं. मी स्वतः ओरडले, शेवटच्या रांगेतल्या खांबाआडच्या माणसासाठी ओरडले आणि ओरडता ओरडता तिच्याकडे पाहिलं. डोळे घट्ट मिटलेले, तोंड पूर्ण उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, टाचा जमिनीवरून उचललेल्या. पण आवाज? मला माझाच ऐकू येत नव्हता, तर तिचा कुठून? मग गिटार दार तोडून आत आली आणि दंतवैद्य नाचायला लागले. बायकोने अडवलं नाही. तीही नाचत होती.

बाहेर पडताना अजून ऊन होतं. फाटकात सगळे रेंगाळत होते, कुणाला घरी जावंसं वाटत नव्हतं.

“वरचे सूर गेले हो त्याचे,” एक जण हळहळला.

“जाऊ देत ना! मी म्हटले की ते.”

“मला तर पोरं तेव्हापेक्षा आवडली. तेव्हा कळतच नव्हतं ती काय म्हणताहेत. आता सावकाश म्हणतात.”

“ते ‘कोण आहे’ मात्र ठरवून केलेलं होतं,” पँट गमावलेले गृहस्थ ठामपणे सांगत होते. “ती लाल टोपीवाली त्यांचीच बाई. प्रत्येक गावात करत असणार.”

दंतवैद्यांनी आमच्याकडे बघून डोळा मारला आणि लंगडत, बायकोच्या खांद्यावर हात टाकून, गर्दीत गेले.

आम्ही दोघी भिंतीच्या कडेकडेने चालत निघालो. मला राहवेना. त्या एका क्षणासाठी आम्ही तळघर डोक्यावर घेतलं होतं. मला जाणून घ्यायचंच होतं.

“हळूबाई, खरं सांग. दुसऱ्या वेळी ओरडलीस का गं?”

ती थांबली. “तुला ऐकू नाही आलं?”

“एवढ्या लोकांत कुणाचं ऐकू येणार? मला माझं नाही आलं!”

तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, जे मी विंगेच्या अंधारात कधी पाहिलं नव्हतं. कदाचित तिथे ते असायचं आणि दिसायचं नाही.

“मग बरोबर झालं,” ती म्हणाली. घसा तिचा असा बसला होता की जन्मभर जिचा शब्द मला न बघता कळला, तिचं हे वाक्य मला तिच्या ओठांवरून वाचावं लागलं.